दोन देशांचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी दोन शब्द बोलावेत असा आपल्याकडे शिरस्ता आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला तो काही माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. मी अमेरिकेत सहा महिने राहून आले, एवढेच त्याचे कारण. चिटणीसबाई म्हणाल्या, "तिकडची महागाई आणि आपली महागाई यांवर बोला, म्हणजे झाले." मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना गणित शिकवले. अर्थशास्त्र मला येत नाही, पण गुणाकार येतो असा माझा समज होता. आज तुम्हाला सांगणार आहे ती हकिकत माझ्या चुकलेल्या गुणाकाराचीच आहे.

माझी लेक न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी असते. पूर्वीची माणसे अमेरिकेतल्या राज्यांना संस्थाने म्हणत. आपले भोरही १९४८ साली विलीन होईपर्यंत संस्थानच होते, तेव्हा एका संस्थानातली मुलगी दुसऱ्या संस्थानात दिली असे आम्ही घरी गमतीने म्हणतो. तिला तिकडे नोकरी लागली तेव्हा तिने पगाराचा आकडा कळवला. महिना साडेसहा हजार डॉलर. मी लगेच कागद घेतला, एका डॉलरचे त्या वेळचे ब्याऐंशी रुपये धरले आणि गुणाकार केला. पाच लाखांच्या वर आकडा गेला! महिन्याला पाच लाख! मी तो कागद यजमानांना दाखवला, जावेला दाखवला, आणि खोटे कशाला बोलू, शेजारणीलाही दाखवला. शाळेत मुलांना मी नेहमी सांगत असे की, उत्तर आले की ते पटण्यासारखे आहे का ते पाहा. मी स्वतः मात्र ते पाहिले नाही.

पुढे २०२३ साली पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घराचे छप्पर काढावे लागले. वासे कुजले होते. मी लेकीला सहज म्हणावे तसे म्हटले, "तीन लाख पाठव बाई, तुला काय जड आहे?" तिने आठवडाभरात पैसे पाठवले. पत्रे आले, छप्पर झाले, आणि मी ते विसरूनही गेले.

२०२४ साली तिच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले. पहिल्याच दिवशी जावयांबरोबर वाणसामानाच्या दुकानात गेले. एडिसनला ओक ट्री रोड म्हणून रस्ता आहे. तिथे आपल्याकडची दुकाने ओळीने आहेत. इडलीरव्यापासून हिंगापर्यंत सारे काही मिळते. कोथिंबिरीची एक जुडी उचलली, दीड डॉलर. मनात गुणाकार झाला, सव्वाशे रुपये! जुडी मी परत ठेवली. चार डॉलरचा फ्लॉवर, म्हणजे तीनशेतीस रुपये. तोही परत ठेवला. जावई बिचारे मी ठेवलेले सगळे मागून गाडीत घालत होते. पहिले पंधरा दिवस माझे असेच गेले. घशाखाली घास उतरेना. चहाचा कप हातात घेतला तरी मी त्याचे रुपये करीत असे.

मग थोडी स्थिरावले आणि शिक्षिकेची सवय जागी झाली. एक वही घेतली. डाव्या बाजूला भोरचा भाव, उजव्या बाजूला तिकडचा भाव. हळूहळू मला त्यात एक गंमत दिसू लागली. सगळ्याच वस्तू तिकडे सारख्या महाग नव्हत्या. पेट्रोल चक्क स्वस्त होते. तिकडे ते गॅलनवर मिळते, एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. साडेतीन डॉलरला गॅलन धरले तर लिटरला सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर रुपये पडत होते, आणि त्याच वेळी आपल्याकडे पुण्यात लिटरला शंभराच्या वर मोजावे लागत होते. मिक्सर, फोन, कपडे धुण्याचे यंत्र यांच्या किंमतीत फार मोठे अंतर नव्हते. पण जावयांनी केस कापून घेतले त्याचे पंचवीस डॉलर, म्हणजे दोन हजारांवर रुपये! आपल्याकडे ऐंशी रुपयांत होते ते काम. नळदुरुस्तीला माणूस आला, त्याने अर्ध्या तासाचे एवढे पैसे घेतले की तो आकडा मी सांगतच नाही.

असे का होते, याचा मी विचार केला. जी वस्तू जहाजात भरून कुठेही नेता येते तिचा भाव साऱ्या जगात थोडाफार जवळपास येतो. सरकारने त्यावर कर किती बसवला, त्याचा फरक राहतो. पण न्हाव्याची कात्री जहाजात घालून नेता आली, तरी न्हावी काही रोज भोरहून एडिसनला केस कापायला जाऊ शकत नाही. त्याची मजुरी तिथल्या मजुरीप्रमाणेच पडणार. म्हणून ज्या कामात माणसाचा हात लागतो ते तिकडे महाग आणि इकडे स्वस्त.

मोठमोठ्या लोकांनी या गोष्टीचा विचार पूर्वीच केलेला आहे. गुस्ताव्ह कॅसल नावाच्या स्वीडनमधील अर्थशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच सांगितले की, दोन देशांची नाणी ताडून पाहायची तर त्यांची खरेदी करण्याची ताकद पाहिली पाहिजे. १९६८ सालापासून देशोदेशींच्या किंमती गोळा करून हा हिशेब मांडण्याचे काम चालू आहे. पुढे ते जागतिक बँकेकडे आले, आणि आपला देशही त्यात भाग घेतो. २०१७ सालच्या किंमतींवरून त्यांनी काढलेला आकडा असा. त्या वर्षी बँकेत एका डॉलरला सरासरी ६५ रुपये १२ पैसे मिळत होते. पण अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढे येते तेवढेच आपल्याकडे घ्यायला सरासरी २० रुपये ६५ पैसे पुरत होते. म्हणजे मी जो गुणाकार केला तो तिपटीने चुकला होता. लेकीचा पगार पाच लाखांचा नव्हता. तिथे राहून तिथेच खर्च करणाऱ्याच्या दृष्टीने तो आपल्याकडच्या पावणेदोन लाखांच्या आसपासचा होता. वाईट मुळीच नाही. पण 'तुला काय जड आहे' असे म्हणण्यासारखाही नाही.

इथे कोणी म्हणेल, "पण बाई, तिने तीन लाख पाठवले तेव्हा बँकेने तर ब्याऐंशीनेच गुणले ना?" अगदी बरोबर. आणि हीच खरी मेख आहे. पैसा कमावला कुठे आणि खर्च कुठे केला, त्यावर सारे अवलंबून आहे. हे गणित आपल्या आजेसासवांना पुरते ठाऊक होते. तोरणा-राजगडच्या पायथ्याच्या गावांतून माणसे पोटासाठी मुंबईला जात. मुंबईचा पगार मुंबईत पुरत नसे, पण त्यातून वाचवून पाठवलेली मनिऑर्डर गावात मोठी वाटे. म्हणून तर गडी चाळीतल्या एका खोलीत दहाजणांबरोबर राही, आणि बायको-मुले गावी. गावातल्या माणसांना मनिऑर्डर दिसे, खोली दिसत नसे. मलाही डॉलर दिसले. त्यातून वाचवणे किती कठीण असते ते दिसले नाही.

ते कसे दिसले ते आता सांगते. बाळ दोन महिन्यांचे होते. दुपारी सगळी निजली होती, आणि मी कपाट आवरत होते. तिथे एक वही सापडली. लेकीचा जमाखर्च! तिसरी-चौथीत असताना मीच तिला शिकवले होते तसा, डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळते. पण आईचे मन ते. कर आणि विमा कापून हातात येणारे चार हजार नऊशे डॉलर. घरभाडे अडीच हजार. गाडीचा हप्ता आणि विमा पाचशे. वाणसामान सहाशे. वीज, फोन, इंटरनेट तीनशे. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पाचशे. राहिले पाचशे. आणि २०२३ च्या जूनच्या पानावर मराठीत लिहिले होते, 'भोर - छप्पर', आणि पुढे ३,६०० डॉलर. त्यानंतर वर्षभर दर महिन्याला त्याच नावाने एक हप्ता, व्याजासकट. तिने ते पैसे क्रेडिट कार्डावर काढून पाठवले होते. जमेच्या पानावर जावयांच्या पगाराची जागा चार महिने कोरी होती. त्यांची नोकरी गेली होती, आणि आम्हाला दोघांनीही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

मी वही होती तशी ठेवली आणि पोळ्या लाटायला गेले. संध्याकाळी लेकीला विचारले, "मला सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "आई, तू तो पाच लाखांचा कागद सगळ्यांना दाखवला होतास. मग कसे सांगणार?"

भगिनींनो, त्या दिवसापासून मी रुपये-डॉलरचा गुणाकार सोडला आणि दुसरी रीत धरली. कोणती वस्तू घ्यायला किती वेळ राबावे लागते, ते मांडायचे. मजुरी दोन्हीकडची सगळ्यात खालची धरली. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीवर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. आठ तासांनी भागले तर ताशी सदतीस रुपये. २०२४ साली न्यू जर्सीत कायद्याने ठरवलेली किमान मजुरी ताशी १५ डॉलर १३ सेंट होती. आता पाहा.

आपल्याकडे लिटरभर दूध छप्पन्न रुपयांना. म्हणजे दीड तास राबणे. तिकडे गॅलनभर दूध साडेचार डॉलरला, म्हणजे लिटरमागे पाच मिनिटेसुद्धा नाहीत. आपला इंद्रायणी तांदूळ साठ रुपये किलो धरला, तर किलोला एक तास छत्तीस-सदतीस मिनिटे. तिकडे वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोंची थैली बावीस डॉलरला. किलोला दहा मिनिटे. आणि हा तांदूळ समुद्र ओलांडून गेलेला! त्याउलट केस कापण्याचे पाहा. इकडे दोन तासांवर थोडे, तिकडे सुमारे एक तास चाळीस मिनिटे. जवळजवळ सारखेच! ज्या केस कापण्याच्या पैशांनी मी डोक्याला हात लावला होता, ते तिथल्या मजुराला आपल्या मजुरापेक्षा फारसे जड नव्हते. घरभाड्याचे तर विचारूच नका. तिथे अडीच हजार डॉलर म्हणजे एकशे पासष्ट तास, अख्ख्या महिन्याची मजुरी. इकडे भोरमध्ये दोन खोल्यांना पाच हजार धरले तरी एकशे पस्तीस तास लागतात. मात्र आपल्या खेड्यांत बहुतेकांची स्वतःची घरे आहेत, म्हणून आपल्याला ते टोचत नाही.

तेव्हा खरे अंतर आहे ते अन्नाचे. २०२२-२३ साली सरकारने घरखर्चाची पाहणी केली, तीत खेड्यातल्या घरातील दर शंभर रुपयांपैकी सेहेचाळीस रुपये खाण्यापिण्यावर जातात असे दिसले. अमेरिकेच्या महागाईच्या हिशेबात अन्नाचा वाटा शंभरात तेरा-चौदा एवढाच धरतात, आणि निवाऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८५७ सालीच सांगून ठेवले आहे की, घर जितके गरीब, तितका त्याच्या मिळकतीतला मोठा वाटा पोटात जातो. म्हणून कांदा महागला की आपल्याकडे हाहाकार उडतो. तिकडे घरभाडे वाढले आणि कोणी आजारी पडले की माणूस कोलमडतो. लेकीचे बाळंतपण विम्यात बसणारे होते. तरी तीन हजार डॉलर पदरचे गेले. माझे डोके दुखले तरी मी तिथे सांगत नसे. आपल्याकडे २०१४ पासून १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. तिचे मोल मला तिकडे गेल्यावर कळले. आणि एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले त्याचेही. तिथे गाडी नसेल तर माझ्यासारखीने घरातच बसायचे.

आता या जमाखर्चातली एक बाब राहिली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. तान्ह्या मुलाला पाळणाघरात ठेवायचे तर एडिसनला महिना अठराशे डॉलर सांगितले. एकशे वीस तासांची मजुरी! इकडे तेच काम किती रुपयांत होते? आपण म्हणू, शून्य. आजी आहे, आत्या आहे, थोरली बहीण आहे. पण शून्य रुपये म्हणजे शून्य कष्ट नव्हेत. सहा महिने ते मूल मीच सांभाळले. माझे विमानाचे तिकीट हेच त्या पाळणाघराचे भाडे होते, आणि लेकीला ते स्वस्त पडले. तिथल्या बागेत रोज संध्याकाळी साड्या नेसलेल्या आठ-दहा आज्या बाबागाड्या ढकलताना दिसत. सगळ्या माझ्यासारख्याच, सहा महिन्यांच्या मुदतीवर आलेल्या. माझी तक्रार नाही. नातवाचे सुख मी पुरेपूर घेतले. फक्त ते काम होते आणि त्याला किंमत होती, एवढे मला तिथे आकड्यात दिसले.

लेकीकडे महिन्यातून एकदा साफसफाईला एक बाई येई. दक्षिण अमेरिकेतून आलेली. तीन तासांचे एकशेवीस डॉलर घेई. मी मनात म्हटले, काय ही चैन! तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तरी तिने फोनवर मला तिच्या दोन मुलांची छायाचित्रे दाखवली. ती मुले तिच्या गावी, आजीजवळ. इथेही आजीच! परत आल्यावर मी आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा हिशेब मांडला. रोज एक तास, महिन्याचे हजार रुपये, म्हणजे तासाला तेहेतीस. रोजगार हमीपेक्षाही कमी, आणि सुट्टी विचारून घ्यायची! आपल्याकडे राहणी स्वस्त, असे मी अमेरिकेत चारचौघींना अभिमानाने सांगत होते. ती कोणाच्या जिवावर स्वस्त आहे, ते मला घरी आल्यावर दिसले. २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाचे २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ९७ मिनिटे. ही पाच तासांची बाब कोणत्याच जमाखर्चात लिहिलेली नसते.

आपल्या मंडळाच्या वहीतसुद्धा नाही. रागावू नका, पण आज ते बोलायलाच मी उभी आहे. आपण उन्हाळ्यात पापड आणि गोडा मसाला करून विकतो. चिटणीसबाईंच्या परवानगीने मी गेल्या हंगामाचे पान पाहिले. उडीदडाळ आहे, पापडखार आहे, तेल आहे, पिशव्या आहेत, वेल्ह्याहून डाळ आणण्याचे एस.टी.चे भाडेदेखील आहे. लाटणाऱ्यांचे तास नाहीत. वेल्ह्याकडच्या चारजणी रोज दीड-दोन तास प्रवास करून आल्या, दिवसभर लाटत बसल्या, आणि आपण शेवटी म्हटले, नफा अकरा हजार झाला! त्यांचे तास रोजगार हमीच्या दराने धरले तर नफा उरतो की तोटा होतो, ते आपणच घरी जाऊन मांडून पाहा. मी मांडून पाहिले आहे. ओक ट्री रोडवरच्या दुकानात मी लिज्जतचे पाकीट पाहिले. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले होते. त्यांनी लाटणारीची मजुरी धरली, म्हणून ते पापड समुद्रापार गेले आणि लाटणारीच्या घरी पैसाही गेला.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलामुलींची लग्ने ठरवताना परदेशातला पगार रुपयांत गुणू नका. महिन्याअखेर काय उरते ते विचारा, आणि कोणी सांगितले नाही तर घरभाडे तरी विचारा. परदेशी असलेल्या लेकराकडे पैसे मागण्यापूर्वी, "तुझे कसे चालले आहे?" हे आधी विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा. आणि पुढच्या हंगामात आपल्या मंडळाच्या वहीत तासांचा एक रकाना आखा. भाव थोडा वाढवावा लागेल. दोन गिऱ्हाइके तुटतील, हेही मला कळते.

माझ्या स्वतःच्या घरी मी काय केले ते विचाराल, म्हणून सांगते. भांडीवाल्या बाईंना आता दीड हजार देते आणि महिन्याला चार सुट्ट्या. त्या दिवशी भांडी यजमान घासतात. लेकीला तिचे तीन लाख परत करायला निघाले, तर तिने घेतले नाहीत. म्हणून दर महिन्याला नातवाच्या नावाने पोस्टात थोडे थोडे टाकते. त्या पुस्तकावरही 'भोर - छप्पर' असेच लिहिले आहे.